पहिला उद्गार

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चच्या वेदीपुढे सात खुर्च्या होत्या आणि सात माणसं. वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर एकेकाने बोलायचं होतं. पहिला, क्षमेचा उद्गार सलोमीकडे होता. चोराला स्वर्ग देणारा दुसरा उद्गार ज्याला मिळाला होता, त्याला तिने पूर्वी फक्त कोर्टात पाहिलं होतं. दारू पिऊन त्याने तिच्या लेकीच्या, मिरयामच्या अंगावर जीप घातली होती; ती जागीच गेली होती.

पाळक तिचा धाकटा भाऊ. ती त्याच्या कानाशी वाकली. "शीलास, हा इथे कसा?"

"परवा सुटला. तुरुंगात मीच बाप्तिस्मा दिला त्याला. पार बदललाय, ताई. देवाने क्षमा केलीय."

"मला न विचारता?"

"देव कुणाला विचारून करतो का?"

"तू तरी विचारायचंस. मामा होतास तिचा."

शीलासने खाली मान घालून सलोमीचं नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली. आठवडाभर खपून लिहिलेली चार पानं तिने उघडलीच नाहीत. ती वळून त्या माणसाकडे पाहत राहिली. मंडळीत कुणीतरी खोकलं. चौथ्या मिनिटाला तो उठून उभा राहिला. नवव्या मिनिटालाही दोघं तशीच उभी होती.