अर्धं पुणं

“पुण्याला?” तेजस्विनीनं मोबाइलमधून मान वर काढली. “आजी, आपण पुण्यातच राहतो.”

“तू राहतीस. आमी धायरीत राहतो,” मैनाबाई म्हणाल्या आणि लसूण सोलू लागल्या. त्यांच्या मते विषय संपला होता.

तेजस्विनीला हडपसरच्या कंपनीत नोकरी लागून वर्ष झालं होतं. आजी-आजोबांना दोन रात्री कुठंतरी चांगल्या हॉटेलात पाठवायचंच, असं तिनं मनावर घेतलं होतं. गोवा सुचवून झालं, महाबळेश्वर सुचवून झालं. आजीचं आपलं एकच. धायरीत महापालिका आली, उंच उंच इमारती आल्या, तरी या घरातली मोठी माणसं स्वारगेटला निघाली की अजून ‘पुण्याला जाऊन येतो’ असंच सांगतात.

“बरं, पुणं तर पुणं. कसबा पेठेजवळ एक मस्त हॉटेल आहे. येत्या शनिवारी बुक करते.”

“घरी कोण थांबणार?” दारातल्या खुर्चीतून बजरंगआबांनी विचारलं.

“मी आहे, मम्मी आहे, पप्पा आहेत.”

“ते झालं गं. पन दोघं एकदम गेल्यावर...”

दोघं एकदम, हा प्रकार या घराला ठाऊकच नव्हता. गोठ्यात म्हशी होत्या तोवर लग्न असो की मयत, एकानं जायचं आणि एकानं थांबायचं. त्यातून म्हशींना हात लागायचा तो मैनाबाईंचाच. दुसरं कुणी खाली बसलं की पान्हा चोरायच्या. दोघं मिळून पुण्याला गेलीच, तर संध्याकाळच्या धारेला घरात हजर. गेल्या महिन्यात शेवटची म्हैस भोरकडच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली. दोघांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, इलाज नव्हता. तेव्हापासून आबा घरात असून नसल्यासारखे होते.

“तिथल्या गादीवर मला झोप यायची न्हाई,” ते म्हणाले. “आन् पाणी बदलतं. लगेच खोकला होतो.”

“आबा, तिकडे पण खडकवासल्याचंच पाणी आहे.”

“नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं,” मैनाबाई म्हणाल्या. “तेजू, इचार त्यांना, हिला पुण्यात काय दाखवलंत म्हून.”

“काय दाखवायचं ठेवलं? कसब्यात मी रोज रतीब घालायचो. तुला कसबा दाखवला, तुळशीबाग दाखवली. सिनेमा दाखवला.”

“इंटरव्हलपतूर.”

तेजस्विनी खो खो हसली. मैनाबाईंचा हात मात्र थांबला होता.

“हसतीस काय? इंटरव्हल झाली की उठायचं. त्या हिरॉइनीचं लगीन झालं का न्हाई, मला अजून ठावं न्हाई. विसर्जनाला गेलो, तर कसब्याचा गणपती डोळ्यांम्होरनं गेला की पळत सुटायचं स्वारगेटला. त्याच्या मागचे गणपती मी टीव्हीवर बघितले. लक्ष्मी रोडला साडी बघत हुते, तर यांची दारात चुळबुळ. दुकानदार म्हणाला, ‘घाई असेल तर उद्या या. आम्ही काही दुकान उचलून नेत नाही.’”

“चावट हुता तो,” आबा म्हणाले आणि त्यांनाही हसू आलं. “पन साडी चांगली हुती. निळी.”

“हिरवी.”

“निळीच. काठ हिरवं हुतं. तू पदर खांद्यावर टाकून बघितला हुता.”

साडी मैनाबाईंना आठवत होती. यांनाही ती आठवत असेल, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. हातातली पाकळी त्यांनी उगाच दोनदा सोलली.

“मग आता काय काय बघायचंय, आजी?” तेजस्विनीनं विचारलं. “साडी घ्यायची? सिनेमा?”

“दिवं लागल्यावर पुणं कसं दिसतं, ते बघायचंय. दिवं लागायच्या टायमाला मी कायम गोठ्यात. दुसरं काय नको मला.”

मागणं इतकं साधं होतं, की तेजस्विनीला आधी त्याची गंमत वाटली आणि मग गलबलून आलं. रोज रात्री ऑफिसातून ती त्याच दिव्यांखालून, ट्रॅफिकला शिव्या देत घरी येत होती.

तिनं आबांकडे पाहिलं. आबा अंगणातल्या गोठ्याकडे बघत होते. तिथं आता तिच्या वडिलांची गाडी उभी असे. मैनाबाई आबांकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आता हे नाही म्हणाले, तर त्या पुन्हा विचारणार नव्हत्या, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं.

“कर बुक,” आबा म्हणाले.

तेजस्विनीनं त्यांचं मत फिरायच्या आत मोबाइलवर बोट दाबलं. “झालं! शनिवारी दुपारी बारापासून खोली मिळेल. सकाळीच निघा म्हणजे जेवायला तिथं पोचाल. मी कॅब बोलावते.”

“सकाळी नको. धारंच्या टायमाला निघू.”

“आबा, संध्याकाळी? त्या वेळी सिंहगड रोडला मुंगीला शिरायला जागा नसते!”

“नसू दे.” त्यांनी गोठ्यावरची नजर काढली नाही. “त्या टायमाला घरात बसवत न्हाई मला.”

मैनाबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं.

“मलाबी न्हाई,” त्या म्हणाल्या.