नळीतला बुडबुडा

तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा होता. मिस्त्रीनं तो पाहिला आणि पंपाचा स्क्रू तसाच आवळून टाकला.

हवा काढल्याशिवाय त्यानं आजवर एकही गाडी दिली नव्हती. जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल ती, पेट्रोलबरोबर तेलही पिणारी. नळीत हवा अडली की तेल तुटतं, इंजिन जाम होतं आणि भर वेगात मागचं चाक जागीच अडकतं. “धूर सोडतेय तोवर सुखी समजा,” असं वडील म्हणायचे. गाडी त्यांचीच. तो आणि बहीण, दोन्ही पोरं हिच्यावरच गाडी चालवायला शिकली, आणि लग्नात जावयानं ती हट्टानं मागून नेली.

त्याच जावयानं गेल्या आठवड्यात बहिणीचा दात पाडला होता. जिन्यावरून पडले, असं ती म्हणाली. त्या घराला जिनाच नाही. समजावून झालं, हातापाया पडून झालं. आता हा तिला एक दिवस जिवानिशी मारणार, एवढंच मिस्त्रीला दिसत होतं.

“उद्या घाट उतरायचाय. दगा नाही ना देणार?” संध्याकाळी किल्ली घेताना मेहुण्यानं विचारलं.

“माझ्या हातची आहे,” मिस्त्री म्हणाला.

उजाडताना बहिणीचा फोन आला.

“दादा, हळू बोल. ते झोपलेत. गाडी झाली ना नीट?”

“तुला गं कशाला?”

“घाट आहे ना वाटेत. सांग की.”

मिस्त्री घुटमळला. “झाली.”

“मग झालं. येते मी.”

दात पाडणाऱ्याचीही हिला काळजी! आधी त्याला संताप आला, मग रडूच कोसळलं. उद्या ती गळ्यात पडून रडली, तर कुठल्या तोंडानं तिची समजूत घालायची? भावानंच बहिणीचं कुंकू पुसायचं?

त्यानं मेहुण्याला फोन लावला. उचलला नाही. बहिणीला लावला, तिनंही नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घाटाकडे धावायचं म्हणून त्यानं शटर ओढलं, तर समोरून मेहुणा धापा टाकत, चालत येत होता.

मिस्त्रीच्या जिवात जीव आला. गाडी वाटेतच बंद पडली असणार. सुटलो बाबा!

“लागलं नाही ना कुठं?” त्यानं विचारलं.

“मला काय लागायचंय?” मेहुणा खेकसला. “बहीण कुठंय तुझी? मी झोपेत असताना माझी गाडी घेऊन पळालीय. लोकांनी घाट उतरताना पाहिलंय तिला.”