गळ्यातली ग्रंथी

“म्हणजे बाबांचा सगळा राग या ग्रंथीमुळे?” थोरल्याने विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच त्याचा चेहरा उजळला.

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून जागा दाखवली. इथे थायरॉईड नावाची छोटीशी ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारं हार्मोन सगळ्या शरीराची गती ठरवतं. थोरल्याच्या बाबांच्या, म्हणजे पाटीवाल्याच्या ग्रंथीला ताळतंत्र राहिलं नव्हतं. म्हणून छातीत धडधड, म्हणून बसल्या जागी घाम, म्हणून चार घास जास्त खाऊनही उतरलेलं वजन आणि थरथरता हात. आणि हो, चिडचिडही होते यात, त्या म्हणाल्या.

पाटीवाला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या अक्षराला तोड नव्हती. एका केशकर्तनालयाच्या पाटीवर वेलांट्या वाकड्या गेल्या, तेव्हा कुठे तो तपासून घ्यायला तयार झाला होता. आता तो खुर्चीत बसून रडत होता. थोरला त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. बायको शेजारी बसून होती. आपल्यालाही हायसं वाटायला हवं, हे तिला कळत होतं. पण आत काही हललं नाही.

तिच्या आतलं हलणं कधीचंच थांबलं होतं. ताट भिरकावलं गेलं की ती फरशी पुसायची. पट्टा निघाला की खिडक्या लावून घ्यायची. नंतर मुलांच्या पाठीला मलम लावताना सांगायची, त्यांना कामाचा ताण आहे. गिऱ्हाइकाने डोकं फिरवलं त्यांचं. लहानपणी फार सोसलंय त्यांनी. दर खेपेला नवं कारण. थोरला मान डोलवायचा. धाकटी नुसती बघत राहायची. एके दिवशी धाकटीने पिशवी भरली आणि दूरच्या शहरात बेकरीत कामाला लागली. लग्न केलं ते कळवलं नाही. मुलगी झाली ते थोरल्याकडून कळलं. तेव्हाही आईच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तिने इस्त्रीला आलेले लोकांचे कपडे उरकले आणि दिवा मालवला.

आता घराला सगळ्यांत चांगलं कारण सापडलं होतं.

गोळ्या सुरू झाल्या. हात थांबला, गाल भरले. पाटीवाला खालच्या आवाजात बोलू लागला, पाणी स्वतः उठून घेऊ लागला. ग्रंथी हा शब्द काही त्याच्या तोंडी बसेना. गळ्यात ग्रंथ निघालाय, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि बाबांच्या आयुष्यातला हा पहिलाच ग्रंथ, असं म्हणून थोरला हसायचा. पाटीवालाही हसायचा. एकदा ब्रश धुता धुता तो बायकोला म्हणाला, “तो मी नव्हतोच गं. ती गळ्यातली होती.”

बरं झालं, ती म्हणाली, आणि इस्त्री फिरवत राहिली.

थोरल्याने बहिणीला फोनवर सगळं समजावून सांगितलं. इतक्या वर्षांचं खापर एकदाचं फुटलं होतं आणि फुटलं ते घरातल्या कुणाच्याच डोक्यावर नाही, याचं त्याला कोण समाधान. धाकटीने ऐकून घेतलं. येईन म्हणाली, पण आधी आईशी बोलायचंय.

त्याच सुमारास पुन्हा तपासणी होती. नर्स पाटीवाल्याला वजनकाट्याकडे घेऊन गेली. विचारायचं असं बायकोने ठरवलं नव्हतं, पण तिने विचारलं. हा आजार किती जुना असेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार तर वर्ष-दीड वर्षाचा. असलं दुखणं उपचारांशिवाय वर्षानुवर्षं निभत नाही, आधी हृदय हात टेकतं.

“आमची मुलं लहान होती तेव्हा?”

“तेव्हा त्यांची ग्रंथी ठणठणीत असणार.”

मग आता इतके शांत कसे, तिने विचारलं. अलीकडची चिडचिड गोळीने गेली, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाकीचं भीतीने. जिवावर बेतलं की पुष्कळ माणसं मऊ होतात. पाटीवाला आत आला, वजन वाढल्याचं कौतुकाने सांगू लागला. बायकोने त्याच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. वाटेत तो बोलत होता, ती हं हं करत होती.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. थोरल्याने तो आईच्या हातात दिला आणि डोळ्यांनीच खुणावलं, सांगून टाक. पाटीवाला पलीकडे मान खाली घालून बसला होता, पण कान इकडेच होते. एका ‘हो’ने लेक घरी येणार होती, नात दिसणार होती. ‘हो’ म्हणायला तिला कधीच जड गेलं नव्हतं.

“आई, खरं सांग,” धाकटी म्हणाली. “आजारच होता ना तो?”

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“नाही,” ती म्हणाली. “आजार आत्ताचा आहे. तुम्हाला मारायचे तेव्हा ते ठणठणीत होते. मला माहीत होतं.”

थोरला जागचा उठला. पाटीवाल्याने वर पाहिलं नाही. आता धाकटी फोन ठेवेल असं तिला वाटलं. ठेवला तर ठेवला, असंही वाटलं. मग धाकटीचा आवाज आला.

“मी बाबांच्या माराने घर सोडलं नव्हतं, आई. दर वेळी तू त्यांना कारण शोधून द्यायचीस, म्हणून सोडलं होतं. रविवारी येते मी.”