गेल्या वर्षीची कॅसेट

सातपुड्याच्या माथ्यावर दुर्मिळ रानपिंगळा ऐकायला आम्ही नाशिकहून तिसऱ्यांदा आलो होतो. आमचा वाटाड्या वना ओंजळ तोंडाशी धरून पिंगळ्याची हाक द्यायचा आणि खालच्या नाल्यातून हमखास उत्तर यायचं. पक्षी कधी दिसला नाही, पण दोन्ही वर्षी आम्ही वहीत नोंद करून खुशीत परतलो.

यंदा वना हाक द्यायलाच तयार नव्हता. फार आग्रह केल्यावर त्याने एकदा दिली. नाला गप्पच राहिला.

आवाज ऐकून पक्षी बोलेल, म्हणून मी टेपरेकॉर्डर काढून गेल्या वर्षी टिपलेलं उत्तर लावलं. वना टेपला कान लावून बसला.

"परत लावा ना, भाऊ."

पाच वेळा लावलं. मग मी वैतागलो. "सेल उतरतील, वना. तू तर रोज ऐकतोस हा पक्षी!"

त्याने टेपवर हात ठेवला.



"पक्षी नही शे, भाऊ. पाव्हना नाराज नको व्हवाले म्हनीसन नालामा मनी बायको बशीसन बोले. यंदा पोळाले मरी गई ती."