तीन हाल्वर

आमच्या खोऱ्यात हाल्वर निल्सेन तीन. तिघे एकाच वयाचे, एकाच शिडाच्या जहाजाने अमेरिकेला गेले. इथे आम्ही त्यांना शेताच्या नावाने ओळखायचो, पण बंदरावरच्या कारकुनाने यादीत नाव आणि बापाचं नाव एवढंच लिहिलं. मग पाद्रीबाबांना कळवण्यात आलं की हाल्वर निल्सेन वाटेत तापाने वारला, समुद्रात सोडला. कोणता, ते कोण सांगणार?

अमेरिकेहून पत्र आलं की रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर वाचायचं, ही आमची रीत. वर्ष झालं, तिघींपैकी एकाही आईने पत्र वाचायला आणलेलं नाही.

टपाल माझ्या दुकानात येतं. त्या तिघी आयांपैकी गुनहिल्ड दर शनिवारी डोकावते.

"नाही ना आलं? असू दे. सिग्री आणि आस्नेला तरी कुठे आलंय? मेलं टपालच रखडलंय."

"हो ना, वहिनी," मी म्हणतो.

सिग्रीच्या हातात मी नाताळात पत्र दिलं, आस्नेच्या हातात ईस्टरला. दोघींनी मला एकच शपथ घातली, "गुनहिल्डला कळू देऊ नका."