कुंकवाचं बोट

भट्टीतून निघालेलं यानाचं टोक सरोज ठोसर भिंगाखाली तपासत होती. लेप सगळीकडे काचेसारखा बसला होता. एकाच जागी अंगठ्याएवढा फिका डाग होता, तिथे त्याने धातूला धरलंच नव्हतं. तिने थकून भिंग बाजूला ठेवलं.

"दत्तोबा, इथे काय लावलं होतं?"

लेप देणारे दत्तोबा खाली बघत म्हणाले, "खंडेनवमी होती ना, ताई. लेपाच्या आधी कुंकवाचं बोट लावलं. पुसलं होतं की नंतर."

"पुसून जातं होय?"

"एवढासा तर डाग. आणि साहेबांनाच आणायला चाललंय ना हे?"

साहेब म्हणजे सरोजचा नवरा. अंतराळातल्या तळावरची त्याची पाळी केव्हाच संपली होती आणि वजनाशिवाय राहून हाडं ठिसूळ झाली होती. पण परतताना यान हवेत शिरलं, की टोकाचा उघडा निओबियम धातू कागदासारखा जळतो. नवा लेप द्यायचा म्हणजे आणखी महिना.

तिने टोकावर लाल खडूने फुली मारली आणि तळावर फोन लावला.

"या महिन्यात नाही जमत, अहो."

त्याने विचारलं, "घोळ कुणी घातला?"

दत्तोबा अजून तिथेच उभे होते.

"कुणी नाही. लेप नीट बसला नाही, इतकंच. हाडांची औषधं घेताय ना?"

"घेतो," तो म्हणाला. "आता एक दिवसाआड घेईन, म्हणजे आणखी महिनाभर पुरतील."