गोल दालनातला पळपुटा

"थांबा. आधी आईला नीट बसू द्या," थोरली म्हणाली, आणि चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईने द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा तसाच हातात धरून ठेवला.

चाकांची खुर्ची मधल्या चौथऱ्यावरून उतरवून चित्राच्या अगदी जवळ आणायला तीन माणसं लागली. काल रात्री जेवताना आई म्हणाली होती, "सोड ना गं हा नाद. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" त्यावर थोरली ताटावरून उठली होती.

गोल भिंतीवर ती जुनी लढाई पसरली होती. चौथऱ्यावर उभं राहून एक गिरकी घेतली की सगळा वेढा डोळ्यांसमोरून जायचा. नदी, पूल, तोफा, आणि दाराच्या उजव्या हाताला जळतं धान्याचं गोदाम. शत्रूने गावची माणसं त्यात कोंडली होती. दाराला बाहेरून अडसर होता, आणि त्या दाराकडे पाठ फिरवून एक हातभर उंचीचा माणूस जीव घेऊन पळत सुटला होता.

माहिती सांगणारा दर खेपेला त्याच्यावर छडी टेकवायचा. "हा थांबला असता तर अडसर काढायला असा कितीसा वेळ लागला असता? आपले चित्रकार समोरच्या माळ्यावर लपून बसले होते. त्यांनी पाहिलं तेच काढलं." लोक हळहळायचे आणि पुढे तोफांकडे वळायचे.

तो माणूस म्हणजे आईचे वडील. खाली नाव लिहिलेलं नव्हतं, पण ते सुपाएवढे कान गावात एकाच घरात होते. आईला ते मिळाले, थोरलीला मिळाले, आणि कमनशिबाने तिच्या मुलालाही. शाळेची सहल इथे आली की पोरं आधी चित्राकडे बघायची, मग त्याच्याकडे. त्याने आता कान झाकतील एवढे केस वाढवले होते. धाकटा भाऊ तर 'पळपुट्याचा नातू' ऐकून ऐकून गावच सोडून गेला. जाताना लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

थोरली जाणार नव्हती. तिच्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची. या चित्राचं पावित्र्य तिला कुणी शिकवायचं कारण नव्हतं. एक राज्य गेलं तेव्हा पुलावरच्या झेंड्यांचे रंग बदलले. दुसरं आलं तेव्हा एका सेनापतीचं झाड झालं. कुणा मंत्र्याच्या पणजोबांना मागाहून घोड्यावर बसवलं, आणि ते बिचारे आयुष्यभर कारकून होते. सगळ्यांच्या बाबतीत इतिहास सोयीने वाकला, मग आमच्याच आजोबांच्या वेळी तो एवढा ताठ कसा राहिला? हे ती दालनाच्या व्यवस्थापकाला तोंडावर विचारायची. तो तिला पाहिलं की चहाला निघून जायचा, आणि ती त्याच्या खुर्चीसमोर ठाण मांडून बसायची. शेवटी वैतागून त्याने क्ष-किरणांनी तपासणी करून घेतली आणि त्याचं तोंडच उतरलं. पळणाऱ्याच्या रंगाखाली, दाराशी, एक माणूस उभा होता.

बाईने बोळा फिरवायला सुरुवात केली. पळणारा पाय आधी विरघळला.

"वरचा रंग नंतरचा आहे," ती म्हणाली, "पण फार नंतरचा नाही. हात त्याच चित्रकाराचा वाटतो."

"म्हणजे त्यालाच कुणीतरी गाठलं," थोरली म्हणाली. "कोण होता तो नीच, एवढं कळू दे मला. थडग्यातून ओढून काढीन."

आई शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "घरी जाऊ या गं. मला गारठा लागतोय."

"थोडी कळ काढ. उभं आयुष्य मान खाली घालून काढलंस. आज जरा वर बघ."

रंगाखालून दोन पावलं निघाली, जमिनीत रोवलेली. मग पाठ. मग पाठमोऱ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ते कान. थोरली व्यवस्थापकाकडे वळली तेव्हा तिचा आवाज चिरकत होता.

"बघा. पळतंय का कुणी? सांगा ना आता. वर्षानुवर्षं छडी टेकवलीत त्यांच्यावर. माझ्या पोराला आरशात बघायची लाज वाटते, तुमच्यामुळे."

"चूक झाली, ताई," व्यवस्थापक पुटपुटला. "उद्यापासून माहिती बदलून सांगू."

"उद्यापासून कशाला? आजच्या आज बदला. आणि पहिल्यांदा मी सांगणार, शाळेच्या सगळ्या पोरांना इथे उभं करून."

बाई आता फार सावकाश पुसत होती. शेवटी हात निघाले. दोन्ही हात अडसरावर होते, वर छपराने पेट घेतला होता, तरी माणूस हलला नव्हता.

थोरलीला रडू फुटलं, आणि रडतानाही तिचा राग जाईना. ती खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने चित्राकडे वळवला.

"बघ, आई. सगळे पळाले असतील, ते नाही पळाले. आग अंगावर घेऊन अडसर काढतायत ते."

आईने आपल्या वडिलांच्या पाठीकडे बघितलं.

"काढत नाहीयेत गं," ती म्हणाली. "घालतायत. मी पाया पडले होते चित्रकाराच्या, की पुसून टाका त्यांना. तो म्हणाला, पुसणार नाही, फार तर पळताना दाखवतो."